अपुरी गाडी

३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात रोव्हर या ब्रिटिश कंपनीने 'लँड रोव्हर' नावाची एक बोडकी गाडी मांडली. किंमत ४५० पौंड. त्या किमतीत दारं येत नव्हती, आणि चालकाशेजारी बसणाऱ्याला गादी हवी असेल तर तिचेही पैसे वेगळे होते. पुढे हीच गाडी जवळजवळ ६८ वर्षं बनत राहिली, तिचे मालक बदलत गेले आणि शेवटी ती मुंबईच्या टाटांकडे आली. तिच्या चाहत्यांना कौतुकाचं कारण विचारलं तर ते मजबुतीचं नाव घेतात, चारही चाकांच्या जोराचं घेतात, आफ्रिकेतल्या मोहिमांचं घेतात. मला वाटतं, खरं कारण त्या न दिलेल्या दारांत आहे. कारखान्याने जे सोडून दिलं ते घेणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे जोडलं, आणि जोडता जोडता गाडी त्याची झाली. हे पटायला इंग्लंडपर्यंत जायला नको. धाराशिव जिल्ह्याची एक अख्खी पिढी ज्या जीपगाडीतून हिंडली, ती या लँड रोव्हरची सख्खी बहीण. दोघींची आई एकच, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज जीप.

रोव्हर ही मुळात सुखवस्तू लोकांसाठी सुबक मोटारी बनवणारी कंपनी. युद्धात तिच्या सॉलिहलच्या कारखान्यात विमानांची इंजिनं बनली. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग होतं आणि जो निर्यात करील त्याला पोलाद आधी, असा सरकारी हिशेब होता. कंपनीचे मुख्य डिझायनर मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेत होतं आणि शेतकामाला लष्कराने विकून टाकलेली जुनी विलीज होती. ती मोडली तर तिच्या जागी घ्यावी अशी गाडी बाजारात नव्हती. तेव्हा तशी आपणच बनवू, असं ठरलं. १९४७ साली झालेला पहिला नमुना विलीजच्याच चासीवर उभा होता आणि त्याचं स्टिअरिंग मधोमध होतं, म्हणजे ते उजवीकडे हवं की डावीकडे, हा प्रश्नच नको. शिवाय ट्रॅक्टरसारखं हाताळता येईल, ही आशा. पोलाद कमी म्हणून वरचं अंग बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं, कारण विमानांसाठी लागणारा हा धातू युद्धानंतर मुबलक होता. पत्रा दाबून गोलाई आणणारे महागडे साचे परवडत नव्हते म्हणून अंग सपाट ठेवलं. रंग विमानांच्या कॉकपिटसाठी आणलेला शिल्लक हिरवा. आज ज्या सपाट, चौकोनी, हिरव्या रूपावर लोक जीव टाकतात, त्यातली एकही गोष्ट सौंदर्यासाठी केलेली नव्हती. तुटवड्याने जे भाग पाडलं ते तसंच ठेवलं, इतकंच. कंपनीच्या डोक्यात तर हा दोन-तीन वर्षांपुरता तात्पुरता धंदा होता. दिवस पालटले की पुन्हा मोटारींकडे वळायचं, असा बेत.

तिच्याकडून काय काम अपेक्षित होतं ते पाहिलं की अपुरेपणाचा अर्थ कळतो. इंजिनाचा जोर बाहेर काढून देणारी व्यवस्था, आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा पीटीओ, तिला लावता येई. त्यावर मळणीयंत्र चालवा, लाकूड कापायची करवत चालवा, पंप चालवा. मागच्या बाजूला बाक टाका किंवा चारा भरा. नांगराला मात्र ती कधी फारशी लागली नाही. ते काम कॉव्हेंट्रीत बनणाऱ्या छोट्या करड्या फर्ग्युसन ट्रॅक्टरने कितीतरी बरं केलं. इथे पहिला आक्षेप येतोच. जी गाडी ना धड ट्रॅक्टर, ना धड मोटार, ना धड ट्रक, तिचं कसलं कौतुक? आक्षेप बरोबर आहे, पण तो गाडीला कारखान्याच्या दारात मोजतो. ज्याला आठवड्यातून एकदा दूध पोचवायचं आहे, एकदा करवत चालवायची आहे आणि एकदा बायकोला बाजाराला न्यायचं आहे, त्याला तीन चांगल्या वस्तू विकत घेणं परवडत नाही. त्याला तिन्ही कामं बऱ्यापैकी करणारी एक वस्तू लागते. विकत घेणाऱ्यांनी लवकरच उत्तर दिलं: तात्पुरती म्हणून काढलेली ही गाडी काही वर्षांतच रोव्हरच्या मोटारींपेक्षा जास्त खपू लागली.

चारही चाकांना जोर म्हणजे नेमकं काय, हे धाराशिवच्या काळ्या रानात जितकं स्वच्छ कळतं तितकं पुस्तकात कळत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांवर आणि उतारांवर मुरमाड, हलकी जमीन. खाली मांजरा, तेरणा, सीना यांच्या काठाने खोल काळी. ही काळी पावसात फुगते आणि लोण्यासारखी निसरडी होते. टायरच्या नक्षीतल्या खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो. जुन्या पद्धतीच्या साध्या गाडीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांकडे जातो, आणि तिथला डिफरन्शियल वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. वळणावर ही सोय, राडीत हाच शाप. ज्या चाकाला पकड नाही ते सहज फिरतं म्हणून जोर त्याच्याकडेच वाहतो, आणि पकड असलेलं चाक शेजारी गप्प उभं राहतं. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सला लागून आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. ती जोर पुढच्या एक्सललाही देते. त्यामुळे मागचं एक चाक जागच्या जागी गरगरत असलं तरी पुढून ओढ लागते. त्याच पेटीत एक जास्तीचा हळू गिअर असतो. तो टाकला की गाडी माणसाच्या चालीने, पण जड ताकदीने पुढे सरकते. ॲक्सिलरेटर दाबून चाक खोल गाडून घेणाऱ्याचं हे काम नाही. या व्यवस्थेत जादू काही नाही. पुढची आणि मागची मिळून दोन चाकं निसटली तर जुनी लँड रोव्हर आणि जुनी जीप दोन्हीही रुततात, आणि मग बैलजोडी किंवा ट्रॅक्टर बोलवावाच लागतो.

लँड रोव्हर ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षी हा जिल्हा निजामाच्या राज्यातून सुटला. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा केला. सैन्याला तेव्हा जीपची इतकी चणचण होती की लंडनमधल्या उच्चायुक्तालयामार्फत जुन्या गाड्यांचा सौदा झाला आणि स्वतंत्र भारतातलं पहिलं मोठं खरेदी प्रकरण म्हणून 'जीप प्रकरण' गाजलं. देशी तोडगा तोवर मुंबईत आकाराला येत होता. महिंद्र बंधूंच्या कंपनीने १९४७ साली विलीजशी बोलणी जमवून जीप जोडायचं ठरवलं आणि १९४९ साली माझगावात सुट्या भागांतून ७५ गाड्यांची पहिली खेप उभी केली. १९५३ साली सरकारने ठरवलं की ज्यांना सुटे भाग इथेच बनवायचे नाहीत त्यांनी गाड्या जोडू नयेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, महिंद्र राहिले. त्यामुळे लँड रोव्हर भारतात मुख्यत्वे चहाच्या मळ्यांपुरती राहिली. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांग गावात साठ-सत्तर वर्षांच्या लँड रोव्हर आजही संदकफूच्या चढावर प्रवासी वाहतात. २०१८ साली कंपनीने आपला सत्तरावा वाढदिवस तिथे जाऊन साजरा केला होता. आपल्याकडच्या वाट्याला मात्र बहीण आली.

धाराशिवमध्ये (तेव्हाच्या उस्मानाबादेत) जीप आधी आली ती सरकार म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ला समुदाय विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी व जीप हे समीकरण देशभर पक्कं झालं. १९६२ साली पंचायत समित्या आल्या, तेव्हा ते पंचायत समितीच्या आवारात स्थिरावलं. साहेबांची जीप, पोलिसांची जीप, दुष्काळी कामांवर मोजमाप घ्यायला येणारी जीप. पुढे निवडणुकीत कर्णा बांधलेली जीप. दुसरा आक्षेप इथलाच आहे. जीप काय किंवा लँड रोव्हर काय, हे सत्तेचं वाहन. आफ्रिकेत आणि मलायात लँड रोव्हर म्हणजे वसाहतीचा गोरा अधिकारी, इथे जीप म्हणजे कचेरी. मग तिचं आकर्षण म्हणजे सत्तेचंच आकर्षण नाही का? काही अंशी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण सत्तेची बाकीची वाहनं लोकांच्या हाती आली तेव्हा ती झिजून संपली. जीप मात्र लोकांच्या हाती आल्यावर वाढली, आणि तिची गोष्ट खरी रंगते ती तिथून पुढे.

१९८०नंतर डिझेल जीप स्वस्तात चालू लागली. त्याआधीच महिंद्रच्या काही जीपना कंपनीच्या ट्रॅक्टरचंच इंटरनॅशनल डिझेल इंजिन बसवलं जात होतं, म्हणजे ट्रॅक्टर खोलणाऱ्या मेस्त्रीला जीप खोलायला वेगळं शिकावं लागलं नाही. नंतर प्यूजोचं इंजिन आलं, ते इगतपुरीत बनू लागलं. लांब चासीची कमांडर आली, तिच्यावर ताडपत्रीचं हूड, मागे समोरासमोर दोन लाकडी बाक, पायरीवर उभं राहायला पट्टी, वर टपाला लोखंडी जाळी. यातलं बरंचसं गावच्या गॅरेजात वेल्डिंगच्या ठिणग्या उडवत केलेलं. ज्या गावाला एसटी दिवसातून एकदा, त्या गावाला ही काळी-पिवळी दिवसातून सहा वेळा. जिल्ह्याच्या मोठ्या भागाला रेल्वे कधी लागलीच नाही, म्हणून तुळजापूरच्या यात्रेला, कळंबच्या बाजाराला, उमरग्याच्या कोर्टकचेरीला माणसं हिच्यातून गेली. बाळंतपणाला निघालेली बाई आणि कांद्याची पोती एकाच फेरीत. दहा जणांच्या जागी वीस बसवायचे, हे तर ठरलेलंच. त्याची किंमत अनेकांनी जिवाने मोजली, हेही लिहिलं पाहिजे.

तिसरा आक्षेप जाणकार घेतील. प्रवासी वाहणाऱ्या या बहुतेक जीप फक्त मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या होत्या. पुढचा जोर काढला की गाडी स्वस्त, डिझेल कमी, बिघाड कमी. मग चारही चाकांच्या जोराचं महत्त्व ते काय राहिलं? हा आक्षेप माझ्या म्हणण्याला उलट टेकूच देतो. पुढच्या चाकांचा जोर काढूनही लोकांना ती जीपच हवी होती. त्यांना हवी होती ती शिडीसारखी सरळ चासी, खाली पाट्यांची स्प्रिंग, आणि वर काहीही उभारायची मुभा. पाटा तुटला तर जुन्या पाट्यांतून जुळवून बसवता येतो. मडगार्ड चेमटलं तर ठोकून सरळ करता येतं, नाही झालं तर चार बोल्ट काढून नवं लावता येतं. लँड रोव्हरचं नेमकं हेच. तिचंही अंग बोल्टांनी जोडलेलं, त्यामुळे एका गाडीचं दार दुसरीला, एकीचं टप तिसरीला. ॲल्युमिनियमचं अंग गंजत नाही पण खालची पोलादी चासी गंजते, म्हणून तिकडचे हौशी लोक अख्खी चासी बदलून जुनं अंग तिच्यावर चढवतात आणि तीच गाडी म्हणून चालवतात. चासी बदलली, इंजिन बदललं, दारं बदलली, तरी गाडी तीच, असं मानायला त्यांना जड जात नाही. आपल्याकडच्या जीपवाल्यालाही कधी जड गेलं नाही.

हे गरिबाघरचंच कौतुक आहे असंही नाही. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी स्वतःची शवगाडी म्हणून एक लँड रोव्हर डिफेंडर (त्याच जुन्या गाडीचं नंतरचं नाव) निवडली, वर्षानुवर्षं तिचा आराखडा बदलत राहिले, मागचा भाग उघडा करून शवपेटी ठेवायची व्यवस्था स्वतः ठरवली, लष्करी हिरवा रंग सुचवला. १७ एप्रिल २०२१ला त्यांची अंत्ययात्रा तिच्यातूनच निघाली. राजवाड्यात हव्या तितक्या सुबक मोटारी असताना या माणसाला हवी होती ती स्वतःच्या हाताने बदलता येणारी.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हे सगळे जुन्याचे गोडवे नाहीत का? जुनी लँड रोव्हर पावसात गळते, तिचा आवाज डोकं उठवतो, सीटवर पाठ मोडते. धडकेत माणसाला वाचवायला तिच्यात एअरबॅग नाहीत. धुराचे आणि सुरक्षिततेचे नियम कडक झाले तेव्हा तिला जावंच लागलं. २९ जानेवारी २०१६ला सॉलिहलमधून शेवटची डिफेंडर बाहेर पडली, तोवर वीस लाखांहून जास्त गाड्या बनून झाल्या होत्या. आपल्या कमांडरबद्दल तर बोलायलाच नको. ज्या घरातला माणूस उलटलेल्या काळी-पिवळीत गेला त्या घराला तिची आठवण काय सुखाची असणार? हे सगळं मान्य. नियम योग्य होते, आणि गर्दीने भरलेल्या उघड्या जीपपेक्षा एसटी केव्हाही बरी. पण असुरक्षित असणं आणि उघडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जायलाच हवी होती. तिच्याबरोबर दुसरीही गेली, याकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष गेलं.

२०२० साल त्या दृष्टीने मोठं बोलकं आहे. जूनमध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने निकाल दिला की महिंद्रची रॉक्सर ही गाडी जीपच्या रूपाची नक्कल आहे, ती तिथे विकता येणार नाही. म्हणजे ज्या विलीजकडून महिंद्रने रीतसर परवाना घेतला तिचेच नाक-डोळे त्यांना तिथे चालेनात. ऑगस्टमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात टाटांच्या मालकीची जग्वार लँड रोव्हर हरली. डिफेंडरच्या आकारावर आपला व्यापारी हक्क असावा ही तिची मागणी होती, आणि न्यायालयाचं म्हणणं पडलं की तो आकार तेवढा वेगळा नाही. कायद्याच्या बारकाव्यात शिरलं तर दोन्ही प्रकरणं निराळी आहेत. पण लंडनचा निकाल मला वस्तुस्थितीला जास्त धरून वाटतो. सपाट पत्रा आणि कमी पैसे घेऊन जो कोणी अशी गाडी बनवायला बसेल तो जवळपास तिथेच येऊन पोचेल. आकार कुणाच्या मालकीचा नव्हता, तो परिस्थितीचा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन्ही बहिणींची नवी रूपं भारतात विक्रीला आली. २ ऑक्टोबरला महिंद्रची नवी थार, त्याच महिन्यात नवी डिफेंडर. एकीची किंमत दहा लाखांच्या आसपास सुरू होत होती, दुसरीची सत्तर लाखांच्या पुढे. दोन्ही गाड्या आपापल्या जागी उत्तम आहेत, यात शंका नाही. नवी डिफेंडर स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे बनते, तिला शिडीची चासी नाही, सगळं अंग एकसंध ॲल्युमिनियमचं आहे, आणि जुनीपेक्षा ती चिखलातही सरस चालते. टाटांनी २००८ साली फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलर देऊन घेतल्या तेव्हा आपल्याकडे फुशारकी खूप झाली. विकत घेतलं ते नाव आणि तंत्र होतं, जुनी उघडता येणारी गाडी नव्हे, आणि तशी अपेक्षाही नसावी. पण चौकोनी रूप तेवढं राखून आतली सगळी कुलपं कंपनीने स्वतःकडे ठेवायची, ही आजची रीत आहे. कायद्यानेही तेच केलं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदता येणार नाही. वाढवलेल्या टपांचे आणि अवाजवी मोठ्या चाकांचे प्रकार पाहता नियमाची गरज कळते. तरीही लक्षात घ्यावं की लँड रोव्हर आणि जीप ज्या गुणावर जगल्या, तोच गुण आता नियमबाह्य आहे. थारच्या जाहिरातीत दिसणारी मोकळीक मालकाच्या हाताला उरलेली नाही. ती खिडकीबाहेरच्या देखाव्यात उरली आहे.

आणखी एक गोष्ट जवळची आहे. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. त्यांची रवानगी भंगारात. पंचायत समित्या, तहसील, आरोग्य केंद्रं यांच्या आवारात अशा जुन्या जीप कडुनिंबाखाली उभ्या असायच्या, त्या एकेक करून निघून चालल्या आहेत. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हे ठीकच आहे. पण त्यातल्या निदान एकीला जिल्हा परिषदेने लिलावातून वगळावं आणि ती संग्रहालयात काचेआड न ठेवता शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गाला द्यावी. नियमात तशी सोय नसेल तर ती मागून घ्यावी. आज तिथे शिकणाऱ्या मुलाला नोकरीवर गेल्यावर आधी संगणक जोडून बिघाडाचा क्रमांक वाचावा लागतो. ट्रान्सफर केस उघडून एका दांड्याने दुसरा कसा फिरतो हे डोळ्यांनी पाहायला त्याला अशीच गाडी लागेल. नोंदणी रद्द झाली तर ती रस्त्यावर येणार नाही, आणि तशी गरजही नाही. तिचे बोल्ट अजून साध्या पान्याने सुटतात.